लाटा, आवाज आणि माध्यम: नाशिककरांकडून वारंवार येणारे प्रश्न

नववी ते बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतेय त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि लाटांचा धडा सुरू झाला की तेच तेच प्रश्न फोनवर येतात, मुलांचे कमी आणि त्यांच्या आईवडिलांचे जास्त, शिवाय सकाळी गोदापार्कला चालायला येणारी मंडळी आहेतच. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, सारखे होते ते एकत्र केलेत, आणि एका उत्तरात जे आलंय ते परत लिहिलेलं नाही, तिथे नंबर दिलाय.

१. पाण्यात खडा टाकला की लाट काठापर्यंत येते, म्हणजे पाणी पण काठापर्यंत येतं ना?

नाही येत. आणि हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून मी सांगते की पावसाळा सोडून कधीही गोदाघाटावर जा, दुतोंड्या मारुतीच्या अलीकडे-पलीकडे जिथे पाणी संथ असेल तिथे पायरीवर बसा आणि एक वाळकं पान पाण्यावर ठेवा. ते स्थिर झालं की हातभर लांब खडा टाका. वर्तुळं पसरत येतात, पानाखालून जातात, पान वर उचललं जातं, किंचित पुढे जातं, खाली येतं, तेवढंच मागे येतं, आणि होतं तिथेच राहतं. वर्तुळं मात्र पायरीवर येऊन आपटतात. म्हणजे पाणी जागच्या जागी हललं आणि पुढे गेली ती फक्त हालचाल, तिच्याबरोबर ऊर्जा.

यावर लगेच दुसरा प्रश्न येतो की मग नदीत सोडलेला दिवा अडकला तर मागून पाणी हलवलं की तो पुढे कसा जातो. तर हाताने पाणी ढकललं तर तो प्रवाह झाला, लाट नाही. नुसते खडे टाकत बसलात तर दिवा वर-खाली होईल, पुढे जवळपास जाणारच नाही.

२. तरंगलांबी, वारंवारता, आयाम, हे सगळं पाठ आहे पण डोक्यात बसत नाही. सोप्या भाषेत सांगा.

वरच्याच पानाकडे बघा. पान एका सेकंदात किती वेळा वर-खाली झालं ती वारंवारता, हर्ट्झमध्ये मोजतात. मधल्या पातळीपासून पान किती वर गेलं तो आयाम. आणि एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर ती तरंगलांबी. वारंवारता गुणिले तरंगलांबी केलं की वेग येतो, एवढंच सूत्र आहे.

पण सूत्रापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कोण काय ठरवतं. वारंवारता ठरवतो उगम, म्हणजे हलवणारा. वेग ठरवतं माध्यम. आणि तरंगलांबीला स्वतःचं मत नसतं, या दोघांवरून जी निघेल ती तिची. खालचे अर्ध्याहून जास्त प्रश्न या तीन वाक्यांवर सुटतात, म्हणून हे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा.

३. अवतरंग आणि अनुतरंग यात फरक काय, आणि पाण्याची लाट कुठली? पेपरात दोन्ही उत्तरं बघितलीत.

दोरीचं एक टोक खिडकीला बांधून दुसरं हाताने वर-खाली झटकलं तर दोरी वर-खाली होते आणि लाट आडवी पुढे जाते, म्हणजे कणांची हालचाल लाटेच्या दिशेला काटकोनात, हा अवतरंग. आवाजात हवेचे कण आवाजाच्या दिशेनेच पुढे-मागे होतात, कुठे दाटी होते ते संपीडन, कुठे विरळ होते ते विरलन, हा अनुतरंग. रेल्वेच्या डब्यांना इंजिन जोडताना धक्का एका डब्याकडून दुसऱ्याकडे जातो ना, तसं.

पाण्याच्या पृष्ठभागावरची लाट या दोन्हींची मिळून असते. पानाचं वर्णन परत वाचा, ते वर-खाली पण होतंय आणि पुढे-मागे पण, म्हणजे पाण्याचा कण जवळजवळ गोल फिरतोय. खोल जाऊ तसं हे गोल लहान होत जातात आणि तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर जवळपास काहीच उरत नाही. पेपरात एकच पर्याय विचारला असेल तर पुस्तकात जे छापलंय ते लिहा, पण समजून घेताना दोन्ही घ्या.

४. जोरात ओरडलं तर आवाज लवकर पोचतो का?

नाही. जोरात ओरडणं म्हणजे आयाम वाढवणं, आणि वेग तर माध्यमाच्या हातात आहे (प्र. २). पातळ आवाज, जाड आवाज, कुजबुज, किंचाळी, हवेत सगळ्यांचा वेग सारखाच. तसं नसतं तर लांबून बँड ऐकताना सनई आधी आणि ढोल नंतर असं झालं असतं.

हवेत वेग बदलतो तो मुख्यतः तापमानाने. शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर आणि पुढे दर अंशाला साधारण ०.६ मीटर वाढ. म्हणजे जानेवारीच्या पहाटे ८ अंश असताना ३३६ आणि मे महिन्यात ४० अंशाला ३५५. सप्तशृंगी गडावर हवा विरळ आहे म्हणून तिथे वेग कमी का, असंही विचारतात. वर हवेचा दाब कमी होतो तशी घनता पण कमी होते, दोन्ही एकमेकांना फेडून टाकतात, उरतं फक्त तापमान. गडावर गार असतं तेवढाच फरक.

५. वीज किती लांब पडली ते कसं काढायचं?

चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. प्रकाश लगेच येतो, आवाजाला किलोमीटरला तीन सेकंद लागतात. वळवाच्या पावसात द्राक्षाच्या बागेत किंवा मोकळ्या शेतात असाल तर मोजत उभं राहू नका, गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, पक्क्या घरात जा. गडगडाट लांबत जातो कारण वीज काही किलोमीटर लांब असते आणि तिच्या वेगवेगळ्या भागांचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो.

६. लोखंडात आवाज हवेपेक्षा वेगाने जातो कारण लोखंड जास्त घन असतं, बरोबर ना?

निम्मं बरोबर. लोखंडात वेगाने जातो हे खरं, पोलादाच्या सळईत सेकंदाला ५००० मीटरच्या आसपास, पाण्यात साधारण १४८० आणि हवेत ३४०. पण कारण चुकलंय. शिसं घ्या, पोलादापेक्षा कितीतरी जड, पण त्याच्या सळईत वेग फक्त १२०० मीटरच्या आसपास. आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश घनतेचं, तरी वेग पोलादाएवढाच. हेलियम हवेपेक्षा हलका, त्यात आवाज हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातो. म्हणजे घनतेने वेग वाढत नाही, उलट घटतो. वेग वाढवतो तो ताठपणा, म्हणजे दाबलं तर पदार्थ किती विरोध करतो ते. घन पदार्थ जड असतात पण ताठ त्याहून कितीतरी जास्त असतात, म्हणून जिंकतात.

याचा एक घरचा प्रयोग मला फार आवडतो. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमच्याने आतून तळाला टकटक करा, आवाज लक्षात ठेवा. आता त्यात ईनो टाका आणि फेस उठत असतानाच टकटक चालू ठेवा. आवाज एकदम जाड होतो आणि बुडबुडे निघून जातील तसा हळूहळू परत पातळ होत वर चढतो, अगदी सूर लावल्यासारखा. बुडबुड्यांमुळे पाण्याचं वजन फारसं बदलत नाही पण ते दाबायला एकदम मऊ होतं, म्हणून त्यातला आवाजाचा वेग धाडकन पडतो आणि सूर पण उतरतो. मुलांना हे दाखवल्यावर घनतेचा घोळ परत होत नाही, सलग चार बॅचना बघितलंय.

७. समुद्राची लाट किनाऱ्याशी आल्यावरच का उंच होते आणि फुटते?

नाशिकहून दमणला सहल गेली की हा प्रश्न नक्की येतो. पाणी उथळ झालं की लाटेचा वेग खोलीवर ठरतो, खोली कमी म्हणजे वेग कमी. पुढची लाट मंदावते, मागची अजून वेगात असते, मग त्या जवळ जवळ येतात, ऊर्जा कमी जागेत दाटते आणि उंची वाढते, आणि एका मर्यादेनंतर माथा तोल जाऊन पुढे कोसळतो. त्सुनामीचंही हेच. ४ किलोमीटर खोल समुद्रात ती सेकंदाला जवळपास २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरने जाते आणि जहाजावरच्या माणसाला कळतही नाही, उंची दाखवते ती किनाऱ्याला आल्यावर.

८. लाट एका माध्यमातून दुसऱ्यात गेली की नक्की काय काय बदलतं?

वेग बदलतो, तरंगलांबी बदलते, वारंवारता बदलत नाही. सीमेवर या बाजूचे कण सेकंदाला हजार वेळा ढकलत असतील तर त्या बाजूचेही हजार वेळाच ढकलले जाणार, मधल्या मधे धक्के गायब होऊ शकत नाहीत की नवीन येऊ शकत नाहीत. मला हे वाक्य सूत्रापेक्षा जास्त पटतं.

इथूनच अवघड प्रश्न निघतो: लाल प्रकाशाची तरंगलांबी हवेत ७०० नॅनोमीटर धरली तर पाण्यात ५२५च्या आसपास होते, मग पाण्याखाली लाल वस्तू हिरवी का दिसत नाही? कारण डोळ्यातल्या पेशी वारंवारतेला दाद देतात आणि ती तीच आहे. खूप खोल समुद्रात लाल रंग काळपट दिसतो ते पाणी लाल प्रकाश शोषतं म्हणून, ते वेगळं प्रकरण.

आणि एक. हवेतून पाण्यात जाताना प्रकाश मंदावतो, सेकंदाला ३ लाखांवरून सव्वादोन लाख किलोमीटरवर. आवाज मात्र चारपटीपेक्षा जास्त वेग घेतो. म्हणून दोघं उलट दिशेला वळतात. जिथे वेग कमी ते माध्यम घट्ट म्हटलं, तर प्रकाशासाठी पाणी घट्ट आणि आवाजासाठी हवा घट्ट, असं लक्षात ठेवलं तरी चालेल.

९. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरची हाक ऐकू का येत नाही? पाण्यात तर आवाज जास्त वेगाने जातो म्हणता.

वेगाने जातो, पण आधी आत शिरला पाहिजे ना. हवा मऊ आणि हलकी, पाणी ताठ आणि जड, त्यामुळे हवेतला आवाज पाण्यावर आपटून जवळपास सगळा परत फिरतो, आत जातो तो हजारातला एक भाग. विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही विचारा, वर काका ओरडत असतात आणि खाली काही नाही, पण खालीच कुणी दोन दगड एकमेकांवर आपटले तर कानाशी आपटल्यासारखे ऐकू येतात. कुठून आले ते मात्र कळत नाही, कारण वेग इतका जास्त की दोन्ही कानांना आवाज जवळपास एकाच वेळी पोचतो आणि दिशा ओळखायची मेंदूची खूणच हरवते.

सोनोग्राफीच्या आधी पोटावर ते थंडगार जेल लावतात ते याचसाठी. यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी तरंग तिथूनच परत जातील. जेल लावलं की ते आत जातात, सेकंदाला साधारण १५४० मीटरने, आणि ५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.३ मिलिमीटर येते, म्हणून इतकं बारीक दिसतं.

१०. पांडवलेणीत आवाज घुमतो पण प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही, असं का?

मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यात ०.१ सेकंदाचं तरी अंतर लागतं, म्हणजे समोरची भिंत साधारण १७ मीटर लांब हवी. तीन नंबरच्या मोठ्या लेण्याचा सभामंडप साधारण ४१ फूट रुंद आणि ४६ फूट खोल आहे, म्हणजे १४ मीटरच्या आसपास. त्यामुळे आवाज परत येतो तो आधीच्या आवाजातच मिसळतो आणि दगडी भिंती काही शोषत नाहीत म्हणून घुमत राहतो. खरा प्रतिध्वनी ऐकायचा तर अंजनेरीला कड्यासमोर लांब उभं राहून एकच टाळी वाजवा. एका सेकंदाने परत आली तर कडा साधारण १७० मीटरवर.

११. मिरवणुकीत पलीकडच्या गल्लीतून ढोल ऐकू येतो पण ताशा ऐकू येत नाही. ताशा तर जास्त टोकदार असतो?

नाशिक ढोलाच्या गावात हा प्रश्न यायलाच हवा, आणि निरीक्षण एकदम बरोबर आहे. लाट अडथळ्याला वळसा घालते, याला विवर्तन म्हणतात, पण किती वळसा घालेल ते तिची तरंगलांबी आणि अडथळ्याचा किंवा फटीचा आकार यावर. ढोलाचा जाड ठोका ८० हर्ट्झ धरला तर त्याची तरंगलांबी सव्वाचार मीटर येते. जुन्या नाशकातली गल्लीच तेवढ्या रुंदीची असते. त्यामुळे हा आवाज कोपऱ्यावरून सहज वळून आत येतो. ताशाचा कडकडाट ३००० हर्ट्झच्या आसपास धरा, तरंगलांबी जेमतेम ११-१२ सेंटिमीटर, तो जवळपास सरळ जातो आणि वाड्यांच्या भिंतींनी अडवला जातो. शिवाय लांबच्या प्रवासात हवा स्वतः पातळ आवाज जास्त शोषते आणि भिंती-काचांमधूनही जाड आवाजच जास्त पाझरतो. पथक कोपऱ्यावर आलं की एकदम ताशा फुटतो बघा, तो क्षण मला अजूनही लहानपणीसारखाच आवडतो.

छातीत जाणवतं ते पण या जाड आवाजामुळेच. आणि पथकाच्या मधोमध उभं राहणाऱ्या मुलांनी कानात बोळे घाला, यात लाजण्यासारखं काही नाही, गेलेला कान परत येत नाही.

१२. तबल्याला सूर असतो, तो गाण्याच्या सुरात लावता येतो, मग ढोलाला का नाही? आणि घंटेचं काय?

ताणलेली तार छेडली की तिच्यावर मूळ वारंवारता आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सगळ्या एकदम वाजतात, आणि हे पूर्ण गुणोत्तर असलं की कानाला एकच सूर वाटतो. साध्या गोल कातड्याचं तसं नसतं, तिथे गुणोत्तरं १, १.५९, २.१४, २.३० अशी वेडीवाकडी येतात, त्यामुळे ठोका ऐकू येतो पण सूर ठरत नाही. तबल्यावर मधे जी काळी शाई असते ती मधला भाग जड करते आणि ही गुणोत्तरं ओढून जवळपास १, २, ३, ४ वर आणते. हे शास्त्रीय पद्धतीने दाखवलं ते सी. व्ही. रामन यांनी, १९२० मध्ये नेचर नियतकालिकात. पण ज्या कारागिरांनी थरावर थर घोटून शाई बसवली त्यांनी हे कानाने आधीच शोधून काढलं होतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

घंटेतही अनेक वारंवारता एकदम निघतात. वरच्या पटकन विझतात आणि खालची गुंजत राहते, म्हणून नारोशंकराच्या घंटेसारखी मोठी घंटा आधी ठणकते आणि मग नुसती घुमत राहते. हात लावला की थांबते कारण कंपनाची ऊर्जा हातात जाते.

१३. थंडीत रात्री नाशिकरोडच्या गाडीचा भोंगा कितीतरी लांब ऐकू येतो, दिवसा नाही. रात्री शांतता असते म्हणून का?

शांतता आहेच, पण एवढंच कारण नाही. थंडीच्या स्वच्छ रात्री जमीन लवकर गार होते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. उबदार हवेत आवाज जास्त वेगाने जातो (प्र. ४), म्हणून लाटेचा वरचा भाग पुढे पळतो, खालचा मागे राहतो, आणि सगळी लाट वळून परत जमिनीकडे येते. जो आवाज आकाशात निघून गेला असता तो तुमच्या खिडकीत येतो. दिवसा बरोबर उलटं, जमीन तापलेली, खालची हवा गरम, आवाज वर वळतो आणि लांबवर जमिनीजवळ आवाजाची सावली पडते. प्र. ५ मधली वीज फार लांब असली तर नुसती दिसते, आवाज येत नाही, तेही बहुतेक यामुळेच.

देवळालीच्या तोफखान्याचा सराव चालू असताना एक दिवस खिडक्या वाजतात आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही, हा प्रश्न याचाच भाऊ. त्यात वारा पण येतो. वर गेलं की वारा जोरात असतो, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वळतो आणि वाऱ्याविरुद्ध जाणारा वर. वारा आवाज उडवून नेतो असं आपण म्हणतो, पण त्याचा वेग आवाजापुढे किरकोळ असतो, खरं काम हे वळवण्याचं होतं.

१४. अँब्युलन्स जवळ येताना सायरन चढत जातो आणि गेल्यावर उतरतो, हे डॉप्लर ना?

हो, पण "चढत जातो" हे चुकीचं आहे, चढत जातो तो मोठेपणा. सूर जवळ येताना चढलेला असतो पण साधारण स्थिर असतो, समोरून जाताना घसरतो आणि मग खालच्या पातळीवर स्थिर राहतो. ताशी ७२ किलोमीटरने येणारा १००० हर्ट्झचा भोंगा येताना साधारण १०६० आणि जाताना ९४५ ऐकू येतो. सायरन मुळातच वर-खाली होतो म्हणून घोटाळा होतो, त्यापेक्षा मुंबई-आग्रा हायवेवर लांब हॉर्न दाबत जाणारा ट्रक ऐका. डॉप्लरने हे १८४२ मध्ये मांडलं आणि १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये रेल्वेवर तुतारीवाले बसवून तपासलं गेलं.

प्र. २ मध्ये वारंवारता उगम ठरवतो म्हटलं, मग इथे कशी बदलली? भोंग्याची बदललेली नाही, तो १०००च वाजतोय. तो पुढे सरकत वाजतो म्हणून समोर लाटा दाटतात आणि तुमच्या कानाला सेकंदाला जास्त धक्के पोचतात.

१५. ओझरचं विमान दिसतं एकीकडे आणि आवाज येतो मागून. असं का?

आवाज निघाला तेव्हा विमान तिथेच होतं. ३ किलोमीटर उंचीवरून आवाज खाली यायला जवळपास ९ सेकंद लागतात, तेवढ्यात ताशी ८०० किलोमीटरचं विमान २ किलोमीटर पुढे जातं. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाचा धमाका मात्र "आवाजाची भिंत तोडली" की एकदाच होतो असं नाही. जोपर्यंत ते त्या वेगाने जातंय तोपर्यंत दाबाचा शंकू मागे ओढत नेतं, आणि तो ज्याच्या त्याच्या डोक्यावरून जाईल तेव्हा त्याला धमाका ऐकू येतो.

१६. कसारा घाटात एफएम जातं. डोंगर आवाज अडवतात का?

आधी एक गैरसमज. रेडिओ लहरी म्हणजे आवाज नाही, त्या प्रकाशाच्या जातीच्या आहेत, आवाज तुमच्या सेटच्या स्पीकरमध्ये तयार होतो. बाकी उत्तर ढोल-ताशाचंच (प्र. ११). एफएम १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, तरंगलांबी ३ मीटर, डोंगरापुढे ती ताशासारखी, वळत नाही. मुंबई आकाशवाणीचं जुनं मीडियम वेव्ह ५५८ किलोहर्ट्झ, तरंगलांबी अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त, ती डोंगराला वळसा घालते, जमिनीला धरून पण जाते. खरखर जास्त पण घाटात बोलत राहते.

१७. प्रकाशाला माध्यम लागत नाही म्हणजे नक्की काय? मग हलतंय काय?

सगळ्यात चांगला प्रश्न, आणि एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे शास्त्रज्ञही इथेच अडले होते. लाट आहे म्हणजे हलणारं काहीतरी हवंच, म्हणून त्यांनी सगळ्या अवकाशात ईथर भरलेलं मानलं. १८८७ मध्ये मायकेल्सन आणि मोर्ली यांनी पृथ्वी या ईथरमधून जाताना प्रकाशाच्या वेगात दिशेनुसार फरक पडतो का ते फार बारकाईने मोजलं, आणि अपेक्षित फरक मिळालाच नाही. हलतं ते विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र. एक बदललं की दुसरं तयार होतं, दुसरं बदललं की पहिलं, असं एकमेकांना पुढे नेत जातात. कणांची गरज नाही, म्हणून सूर्याचा प्रकाश साधारण ८ मिनिटांत रिकाम्या जागेतून येतो आणि सूर्याचा आवाज येत नाही.

१८. दोन लाटा समोरासमोर आल्या तर आपटून थांबतात का?

नाही, एकमेकांतून आरपार जातात आणि पुढे जशाच्या तशा. घाटावर दोन खडे टाकून बघा. फक्त भेटतात त्या जागी त्या क्षणाला दोघींची बेरीज असते: उंचवट्यावर उंचवटा आला तर दुप्पट, उंचवट्यावर खळगा आला तर सपाट. नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन बाहेरचा आवाज ऐकून त्याच्या उलटी लाट कानात सोडतात. गाडीच्या घरघरीवर छान चालतात, बाळाच्या रडण्यावर कमी, कारण पातळ आवाजाची तरंगलांबी छोटी आणि वेळ जरा चुकली तरी बेरीज बिघडते.

१९. भूकंपाचं केंद्र किती लांब आहे ते इतक्या लवकर कसं कळतं?

पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडे धक्का बसला की बातमीत दिंडोरी रोडवरच्या मेरीचं (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं) नाव येतं, तेव्हा हा प्रश्न हमखास. भूकंपात दोन प्रकारच्या लहरी खडकातून निघतात. पी लहरी आवाजासारख्या अनुतरंग, सेकंदाला साधारण ६ किलोमीटर. एस लहरी अवतरंग, साधारण साडेतीन. दोघी एकदम निघतात पण पी आधी पोचते, आणि जितकं अंतर जास्त तितका मधला वेळ जास्त, सेकंदाला साधारण ८ किलोमीटर धरा. ३० सप्टेंबर १९९३ला, विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी नाशिकपासून सरळ रेषेत साधारण ३६० किलोमीटर, म्हणजे या हिशोबाने इथे पी मिनिटभरात आणि एस पावणेदोन मिनिटांत. एका मोजणी केंद्रावरून फक्त अंतर कळतं, दिशेसाठी तीन मोजणी केंद्रांभोवती त्या त्या अंतराची वर्तुळं काढून ती कुठे छेदतात ते बघतात.

एस लहरी द्रवातून जात नाहीत, कारण द्रवाला बाजूला सरकवलं तर तो परत यायला ओढत नाही, नुसता वाहतो. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रव आहे हे याच लहरींच्या सावलीवरून कळलं. तिथे कुणी गेलेलं नाही आणि कुणी जाणारही नाही.

२०. नदीत काही ठिकाणी लाट एकाच जागी उभी असते, पुढे सरकतच नाही. मग ती लाट आहे की नाही?

लाटच आहे. ती प्रवाहाविरुद्ध चालतेय, आणि पाणी तिला तेवढ्याच वेगाने मागे आणतंय, म्हणून काठावरून ती थांबलेली दिसते. होळकर पुलाच्या खांबांपाशी आणि सोमेश्वरला खडकांवरून पाणी जातं तिथे अशा लाटा दिसतात. पूर असताना हे बघायला पायरीवर उतरू नका, वरून पुलावरून बघा.

हिवाळ्यात मात्र जवळून बघता येतं. जिथे पाणी जरा चालतं आहे अशा पायरीवर बसा आणि एकच बोट सरळ पाण्यात बुडवा. बोटाच्या वरच्या बाजूला, म्हणजे जिकडून पाणी येतंय तिकडे, बारीक बारीक सुरकुत्या उमटतात आणि बोटासमोर कमानीसारख्या उभ्या राहतात. बोट काढलं की गेल्या. आता जरा संथ पाण्यात बुडवा, काहीच उमटत नाही. कारण पाण्यावरची कुठलीही लाट सेकंदाला २३ सेंटिमीटरपेक्षा हळू जाऊच शकत नाही, तेव्हा प्रवाह त्याहून हळू असेल तर उभी राहू शकेल अशी लाटच नसते. म्हणजे नुसत्या बोटाने नदीचा वेग २३च्या वर आहे की खाली ते कळतं.

आणि पहिल्या प्रश्नातलं पान इथे सोडा. तिथे लाट निघून गेली होती आणि पान जागेवर राहिलं होतं. इथे सुरकुत्या बोटासमोर तशाच उभ्या राहतात आणि पान त्यांच्यावरून घसरत बोटाला वळसा घालून खाली निघून जातं.